दुधाची धास्ती आणि राहून गेलेलं सिरम

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातली एक म्हैस गेल्या आठवड्यात लाळ गाळत, घोगरं हंबरत मेली आणि पशुवैद्यकांनी रेबीजचा संशय सांगितला. तिचं दूध-ताक शेजारच्या बारा-पंधरा घरांत गेलं होतं, म्हणून आता आरोग्य केंद्रावर इंजेक्शनसाठी रांग लागली आहे. त्याच आळीतल्या सात वर्षांच्या, २० किलो वजनाच्या मुलाला चार दिवसांपूर्वी भटका कुत्रा मनगटाच्या वर चावला; तो कुत्रा नंतर सापडला नाही. दोन दात रुतले, रक्त आलं. घरच्यांनी जखमेत मिरचीची पूड भरली आणि मग दवाखान्यात नेलं. पहिली लस त्याच दिवशी झाली, दुसरी तिसऱ्या दिवशी. ‘सिरम’ मात्र दिलं नाही. लस चालू आहे, तेवढं पुरे, असं सांगितलं. दूध प्यायलेल्यांनी काय करायचं आणि मुलाला आणखी काही लागतं का?

मुलाचं आधी सांगतो, कारण त्याला मुदत आहे. त्याला सिरम लागतं, आणि ते आज नाहीतर उद्या मिळालंच पाहिजे. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरायचा, म्हणजे तुमच्या हातात अजून तीन दिवस आहेत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आधी फोन करून साठा आहे का ते विचारा आणि लगेच निघा. रांगेतल्या दीडशे माणसांपेक्षा खरा धोका या एका मुलाला आहे.

लस चालू असताना सिरम कशाला, हे नीट समजून घ्या. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, तिथल्या स्नायूत काही काळ राहतो आणि मग नसेत शिरून मेंदूकडे सरकतो. एकदा तो नसेत गेला की शरीराच्या प्रतिकारशक्तीचा हात त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. लस टोचली की शरीर प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, म्हणजेच अँटिबॉडी) तयार करायला लागतं, पण ती पुरेशी तयार व्हायला सात ते चौदा दिवस जातात. या मधल्या दिवसांत जखमेतल्या विषाणूला अडवायला काहीच नसतं. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती थेट जखमेत भरली की विषाणू जागच्या जागी निष्प्रभ होतो. सातव्या दिवसानंतर सिरम देत नाहीत, कारण तोवर लसीचं काम सुरू झालेलं असतं आणि बाहेरून आलेली प्रतिपिंडं त्यात उलट अडथळा आणू शकतात.

सगळ्यांना सिरम लागत नाही. चाव्याचे तीन वर्ग आहेत आणि ते पाठच करून ठेवावेत असे आहेत. प्राण्याला हात लावला, खाऊ घातलं, त्याने धडधाकट कातडी चाटली, तर पहिला वर्ग. हात धुवा, बाकी काही नाही. कातडी दाताने चिमटली गेली, रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरा. जखम धुणं आणि लस. दात रुतून कातडी फुटली, रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर तिसरा; धुणं, लस आणि सिरम, तिन्ही. रक्ताचा एक थेंब आला तरी वर्ग तिसराच. कोल्हा, लांडगा, मुंगूस अशा रानातल्या प्राण्याचा चावा सरसकट तिसऱ्या वर्गात धरतात. मांजराचा रक्त आलेला बोचकाराही तिसऱ्यातच येतो. तो ‘नुसतं नख लागलं’ म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक आहे, कारण मांजर पंजा चाटत असतं.

आता मात्रा. घोड्यापासून केलेलं सिरम किलोमागे ४० आययू (आंतरराष्ट्रीय एकक, औषधाची ताकद मोजायचं माप), माणसापासूनचं किलोमागे २० आययू. मुलगा २० किलोचा, म्हणजे घोड्याचं ८०० किंवा माणसाचं ४०० आययू. घोड्याच्या सिरममध्ये एका मिलीत साधारण ३०० आययू असतात आणि माणसाच्यात बहुधा १५०, त्यामुळे दोन्हीकडे हिशेब जवळजवळ २.७ मिलीवर येतो. ६० किलोच्या माणसाला तो ८ मिली होईल. बाटलीवरचा आकडा डॉक्टर बघतीलच, पण मुलाचं वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या. अंदाजे सांगू नका.

हे सिरम जखमेत आणि जखमेच्या कडेने आत भरायचं असतं. बारीक सुईने, दाताच्या प्रत्येक भोकात, सगळ्या बाजूंनी, अगदी छोटं भोकही न सोडता. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पूर्ण मात्रा कुल्ल्यावर टोचून मोकळं होतात. मग सिरम दिल्याची नोंद होते आणि जखमेत एक थेंबही पोहोचलेला नसतो. दुसरी चूक म्हणजे चार जखमांपैकी मोठ्या दोन भरून बाकीच्या सोडून देणं. २.७ मिली ही वरची मर्यादा आहे. मनगटाजवळच्या दोन भोकांत तेवढं सगळं मावेलच असं नाही; तिथल्या मांसात जितकं सहज जाईल तितकं भरायचं आणि थांबायचं. बोटाच्या टोकाला जोर लावून भरलं तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो, म्हणून तिथे बेताबेताने जातात. याउलट लहान मुलाला अंगभर दहा ठिकाणी चावे असतील आणि मात्रा पुरत नसेल, तर ती सलाइनने वाढवून सगळीकडे पोहोचवतात. मात्रेवर जास्तीचं सिरम मात्र देत नाहीत.

चार दिवसांत जखम सुकत आली असेल, खपली धरली असेल, तरी सिरम तिथेच द्यायचं. टाका पडला असेल तर तो न उसवता भोवतीने भरतात. पोराला दुखतं, फार दुखतं. त्यासाठी जवळच्या माणसाने त्याला मांडीवर घट्ट धरून बसायची तयारी ठेवावी, नाहीतर हात हिसडला की अर्धं सिरम बाहेर सांडतं.

घोड्याच्या सिरमची रिअ‍ॅक्शन येते म्हणून काही ठिकाणी ते द्यायचंच टाळतात. हल्लीचं सिरम पूर्वीपेक्षा बरंच शुद्ध केलेलं असतं आणि गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येते. अ‍ॅड्रिनॅलिन (रिअ‍ॅक्शन आवरणारं औषध) हाताशी ठेवून देणं आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवणं, एवढी तयारी कुठल्याही बऱ्या रुग्णालयात करता येते. रिअ‍ॅक्शनवर इलाज आहे. रेबीज झाल्यावर नाही. सिरम कुठेच मिळत नसेल तर मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडं, विचारा. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशिल्ड (किलोमागे ३.३३ आययू) आणि झायडसचं ट्विनरॅब (किलोमागे ४० आययू) ही दोन इंजेक्शनं आपल्याकडे मिळतात आणि सिरमसारखीच जखमेत भरतात. दोघांच्या मात्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. औषधं वेगळी आहेत, मोजमाप वेगळं आहे.

मिरचीपुडीविषयी. ती का भरतात हे मला कळतं. जखम जळाली की विष जळालं, अशी समजूत घराघरात आहे. मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल, कांद्याचा रस, यातल्या कशानेही विषाणू मरत नाही. उलट चोळाचोळीने तो मांसात खोल जातो, उघड्या पडलेल्या नसांच्या टोकांपर्यंत पोहोचतो, आणि पुढे सिरम भरायला जखम नीट सापडत नाही. या विषाणूला चरबीचं पातळ वेष्टण असतं आणि साबण ते वेष्टण फोडतो, म्हणूनच साधा साबण इथे औषधाचं काम करतो.

धुवायचं असं: नळाची धार सोडा. नळ नसेल तर एकाने तांब्याने सतत पाणी ओतत राहावं. साबण अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, जो हाताशी असेल तो. फेस करून जखमेत आतपर्यंत जाऊ द्या, धार सोडा, पुन्हा साबण, पुन्हा धार. घड्याळ लावून १५ मिनिटं. दोन मिनिटांतच वाटतं की झालं. तिथे थांबू नका. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा आणि जखम उघडी ठेवा. तुमच्या मुलाच्या जखमेत अजून पुडीचे कण असतील तर आज जाण्यापूर्वी ती पुन्हा साबणाने नीट धुवा. उशीर झाला तरी धुण्याचा उपयोग असतो, कारण विषाणू चाव्याच्या जागी रेंगाळू शकतो. धुणाऱ्याने आपल्या हाताला चीर-कापलेलं असेल तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुवावं.

चाव्याच्या जखमेला लगेच टाके घालत नाहीत. सुई कातडीतून पुन्हा पुन्हा जाते आणि विषाणूला नवीन वाटा मिळतात. चेहरा फाटला असेल, रक्त थांबत नसेल, तर आधी सिरम भरून, थोडा वेळ जाऊ देऊन, मोजके सैल टाके घालतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरजेप्रमाणे अँटिबायोटिक हे वेगळं. ते झालं म्हणजे ‘कुत्र्याचं इंजेक्शन झालं’ असं मात्र समजू नका. ही गफलत वारंवार होते, कारण दवाखान्यातून बाहेर पडताना ‘एक इंजेक्शन दिलं’ एवढंच लक्षात राहतं.

लसीचं पुढचं वेळापत्रक. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत लस देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिलीची एकेक टोचणी, शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगीत स्नायूत देतात, एका वेळी पूर्ण बाटली, शून्य, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या. ‘सरकारी लस थोडीशीच देतात’ ही तक्रार चुकीची आहे; कातडीच्या वरच्या थरात प्रतिकारशक्तीच्या पेशी दाट असतात, म्हणून तिथे थोडी लस पुरते. फक्त ती खरोखर कातडीत गेली पाहिजे. टोचल्यावर त्या जागी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत, मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी, फिकट गाठ उठलेली दिसते. गाठ उठलीच नाही किंवा औषध बाहेर ओघळलं, तर लस खाली उतरली किंवा सांडली. तिथल्या तिथे सांगा; थोडं बाजूला पुन्हा टोचतात. इन्सुलिनची बारीक सिरिंज लागते, जाड सुईने हे जमत नाही.

स्नायूतली लस दंडात, दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट काम करत नाही. मुलाला आणि मोठ्याला मात्रा एकच. वजनाचा हिशेब फक्त सिरमला. उरलेल्या तारखा चुकवू नका. एखादी चुकलीच तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेली लगेच घेऊन पुढे चालू ठेवायचं. २८ व्या दिवसाची लस सगळ्यात जास्त बुडते, कारण तोवर जखम भरलेली असते आणि भीती ओसरलेली असते.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात या भीतीने अजूनही काही जण चावा लपवतात, मुलं तर हमखास. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेली आहे. थोडा ताप, दंड दुखणं, खाज, एवढंच. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळाला, मधुमेहाच्या रुग्णाला, सगळ्यांना चालते. खाण्याचं कसलंही पथ्य नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. अशा माणसाला दुसऱ्या वर्गाच्या चाव्यालाही सिरम द्यावं लागतं.

कुत्रा सापडला नाही म्हणता. सापडला असता तरी उपचार थांबवायचे नव्हते. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते उपचार सुरू करून. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल तर तो दहा दिवसांत आजारी पडून मरतो, असा तो हिशेब आहे. दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट असेल तर पुढच्या लसी कमी करायच्या का ते डॉक्टर ठरवतात. हा नियम फक्त कुत्रा-मांजराला आहे, माकड-मुंगसाला नाही. कुत्र्याला लस टोचली होती असं मालक सांगतो तेव्हाही कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका, आणि कागद असला तरी उपचार सुरू करून मगच चर्चा.

आता दुधाचं. तापवलेलं दूध, त्याचं दही, ताक, लोणी, चहा, यातून रेबीज होत नाही. उकळीने विषाणू मरतो. कच्चं दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याची खात्रीलायक नोंद नाही. तरीही आजारी जनावराचं दूध पिऊ नये, उरलेलं ओतून द्यावं, हे खरंच. पण रांगेत उभ्या असलेल्या ज्यांनी फक्त दूध-ताक घेतलं, त्यांना लस लागत नाही. हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आणि सरपंचांनी एकत्र उभं राहून, नावानिशी, शांतपणे सांगायला हवं. लोकांना हाकलून उपयोग नाही. गावात कुणी मेलं तर काय, ही भीती खरी असते. आणि अशा रांगेत साठा संपला की दुसऱ्या दिवशी खरोखर चावा झालेलं मूल रिकाम्या हाताने परत जातं, म्हणून मला याची इतकी काळजी वाटते.

त्या म्हशीमुळे खरा धोका कुणाला? ज्याने तिच्या तोंडात हात घातला त्याला. पिसाळलेल्या जनावराचा घसा लुळा पडतो. ते वैरण चघळतं पण गिळत नाही, पाण्यात तोंड घालतं पण पाणी खाली जात नाही, लाळेच्या तारा लोंबतात. मालकाला वाटतं, काहीतरी अडकलंय. तो जबडा फाकवून कोपरापर्यंत हात घालतो, चाचपतो, नळकांड्याने काढा पाजतो. शेतकऱ्याच्या हाताला भेगा, उसाच्या पात्याचे ओरखडे, विळ्याचे काप असतातच. लाळ आणि उघडी जखम एकत्र आली की तो तिसरा वर्ग, म्हणजे सिरमसकट उपचार. म्हणून त्या घरी जाऊन एकेकाला विचारा: औषध कुणी पाजलं, लाळ कुणी पुसली, दावण कुणी धुतली, मेलेली म्हैस कुणी ओढली, कातडं कुणी सोडवलं, आणि त्या वेळी हातावर जखम होती का? पशुवैद्यकांच्या मदतनीसालाही विचारा. अशी चार-सहा माणसं निघतील; लस आणि सिरम त्यांच्यासाठी राखून ठेवायचं. धारेचं विचाराल तर, फक्त धार काढली आणि लाळेचा संबंध आला नाही, तर काही लागत नाही.

त्याच गोठ्यातली दुसरी जनावरं शेजारी बांधली होती म्हणून पिसाळत नाहीत. पण म्हशीला जो कुत्रा चावला तो त्यांनाही चावला असू शकतो. अंगभर, विशेषतः तोंड आणि पायांवर, केस बाजूला करून जखमा बघा आणि संशय असेल तर जनावरांना चाव्यानंतरची लस पशुवैद्यकांकडून सुरू करा. मेलेलं जनावर सहा-सात फूट खोल, चुना टाकून पुरायचं. कातडं काढायचं नाही.

उंदीर आणि घूस चावल्यावर आपल्याकडे रेबीजची लस सहसा लागत नाही. धुणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पुरतं. वटवाघळाचा चावा मात्र डॉक्टरांना दाखवाच.

गावातल्या कुत्र्यांचं म्हणाल तर मारून टाकणं हा उपाय नाही. जागा रिकामी झाली की शेजारच्या गावातले बिनलशीचे कुत्रे येतात. दरवर्षी दहापैकी किमान सात कुत्र्यांना लस टोचली तर साखळी तुटते. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी घरोघर, रस्तोरस्ती कुत्रे जाळ्यात धरून हेच केलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तुमची ग्रामपंचायत पशुसंवर्धन विभागाकडे लसीकरण शिबिराची मागणी आजच लेखी करू शकते. म्हशीचा अहवाल सोबत जोडा.

मुलाचं लसीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर पुन्हा कधी चावा झाला, तर जखम तशीच १५ मिनिटं धुवायची आणि फक्त दोन लसी, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. सिरम पुन्हा लागत नाही. कार्ड हरवलं तर मात्र डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उद्या सिरम मिळालं की कोणतं, किती मिली, कुठल्या जखमेत भरलं, हे त्याच कार्डावर लिहून घ्या.